मुंबईतील पादचाऱ्याची हकिकत

मुंबई शहराचा इतिहास सांगणाऱ्यांनी तिच्या गोद्या, गिरण्या, आगगाड्या आणि शेअरबाजार यांची दप्तरे मोठ्या आस्थेने चाळली. परंतु या शहरात दररोज जे काम सर्वांत अधिक माणसे करीत आली, ते म्हणजे पायी चालणे, त्याच्या वाट्याला त्या इतिहासात चार ओळीही क्वचितच आल्या. हा केवळ विस्मृतीचा दोष नव्हे. ज्या गोष्टीवर कर बसत नाही, जिचा मक्ता दिला जात नाही आणि जिच्यासाठी कंपनी स्थापन होत नाही, तिची नोंद कागदावर उतरत नाही, आणि जी कागदावर नाही तिचा हक्कही हळूहळू संपुष्टात येतो. मुंबईच्या पादचाऱ्याचे नेमके हेच झाले. रस्त्यावरून निर्वेधपणे चालण्याची त्याची जी पिढीजात वहिवाट होती, ती कोणत्याही एका हुकुमाने रद्द झालेली नाही. ती दीडशे वर्षांत वीत-वीत करून त्याच्या पायांखालून काढून घेण्यात आली.

सात बेटांचे हे शहर मुळात एकसंध जमिनीवर वसलेले नव्हते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जावयाचे म्हणजे ओहोटीची वाट पाहावी, चिखल तुडवावा, नाहीतर नावाड्याला पैसे देऊन होडीत बसावे, असा शिरस्ता होता. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास, वरळीजवळच्या खिंडारातून आत शिरणारा समुद्र बांध घालून अडविण्यात आला. पुढे डंकन गव्हर्नर असताना शीवचा बांध होऊन मुंबई साष्टीला जोडली गेली. आणि १८३८ साली कुलाब्याचा रस्ता तयार झाला. या सर्व कामांमागे सरकारची लष्करी आणि व्यापारी गरज होती, हे उघड आहे. परंतु माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी तशीच राहिली. बाजाराला निघालेल्या कोळणी, भाजीवाले, मजूर आणि यात्रेकरू हे सारे होडीतूनच ती ओलांडीत, आणि पावसाळ्यात, वारा फिरला व खाडीला ओढ लागली म्हणजे, होड्या उलटून माणसे बुडत.

या खाडीवर बांध घालावा ही मागणी जुनी होती, पण सरकारला त्यासाठी खर्चाची तजवीज करवत नव्हती. ती तजवीज केली जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी. त्यांनी या कामी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले, आणि १८४५ साली माहीमचा बांध रहदारीस खुला झाला. एवढ्या रकमेची त्या काळची किंमत मोठी होती. परंतु मला त्या रकमेपेक्षा त्यांनी घातलेली अट अधिक मोलाची वाटते. या मार्गावरून जाणाऱ्या-येणाऱ्या कोणाही इसमाकडून सरकारने जकात घेऊ नये, अशी ती अट होती. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला दर खेपेला पैसे मोजावे लागले, तर तो बांध तिच्या उपयोगाचा राहणार नाही, आणि ती पुन्हा स्वस्त, गळक्या होडीकडे वळेल, हे ज्या स्त्रीला कळले होते, तिला सार्वजनिक सुरक्षिततेचे मर्म कळले होते असे म्हटले पाहिजे. माहीमपासून दादरकडे जाणाऱ्या रस्त्याला लेडी जमशेटजींचे नाव आहे. परंतु या नावाची बाई पायी चालणाऱ्यांसाठी पैसे देऊन गेली, हे त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

त्यानंतरच्या वीस वर्षांत शहराचे रूप पालटले. माडगांवकरांचे ‘मुंबईचें वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले, त्या सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर याने कोटाच्या भिंती पाडण्यास प्रारंभ केला होता; अपोलो, चर्चगेट आणि बझारगेट हे तीन दरवाजे, जे रात्री बंद होत आणि ज्यांतून दिवसा बग्ग्या, पालख्या, खटारे आणि माणसे एकाच अरुंद मुखातून दाटीवाटीने जात, ते नाहीसे झाले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या आठ लक्ष सोळा हजारांवर भरली. एवढ्या माणसांपैकी गाडी बाळगणारे मूठभर. बाकी सारे शहर पायांवर चालत होते, आणि रस्त्यावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न तोवर कोणाच्या मनातही उद्भवला नव्हता. गाडीवान ओरडे, माणूस बाजूला होई, पण दोघांचा वेग एकमेकांना ओळखण्याइतका मंद होता.

येथे कायद्याची एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत २७९ वे कलम आले, त्यात सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे गाडी हाकणे किंवा स्वारी करणे हा अपराध ठरविला गेला. आणि १८७० साली ३०४-अ हे कलम जोडून, हयगयीने एखाद्याच्या मृत्यूस कारण होणाऱ्याला शिक्षा सांगण्यात आली. मोटार तेव्हा जन्मासही आलेली नव्हती. ही कलमे घोड्याच्या आणि बैलाच्या गाड्यांच्या काळात लिहिली गेली, आणि त्यांचा रोख निःसंशय हाकणाऱ्याकडे होता. ज्याच्या हाती वेग आणि वजन आहे, सावधगिरीचे पहिले ओझे त्याच्यावर, हे तत्त्व त्या कलमांत गृहीत आहे. कायद्याचे शब्द आजही थोड्याफार फरकाने तेच आहेत, नव्या न्यायसंहितेत केवळ कलमांचे क्रमांक बदलले आणि हयगयीने मृत्यू घडविण्याची शिक्षा वाढली. बदलली ती लोकांची समजूत. आणि ती कशी बदलली हे सांगण्यापूर्वी, पादचाऱ्याच्या बाजूने झालेल्या एका सुंदर व्यवस्थेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही.

कोट पाडल्यावर क्रॉफर्ड मार्केटपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत जो प्रशस्त रस्ता झाला, त्याला हॉर्नबी रोड म्हणत. आज तो दादाभाई नौरोजी मार्ग. या रस्त्याच्या कडेला इमारती बांधणाऱ्यांवर १८९६ साली सरकारी नियमाने असे बंधन घालण्यात आले, की प्रत्येकाने आपल्या इमारतीच्या तळमजल्याला रस्त्याच्या बाजूस कमानींची सलग पडवी ठेवावी, आणि ती जाणाऱ्या-येणाऱ्यांना खुली असावी. मालक निराळे, वास्तुशिल्पी निराळे, कोणाची शैली गॉथिक, कोणाची निओक्लासिकल, तर कोणी भारतीय घुमट-छत्र्यांचा साज चढविलेला. पण खालची कमानींची ओळ मात्र एका इमारतीतून दुसरीत अशी सरकत जाते, की मनुष्याने मान वर केली नाही तर आपण कोणाची हद्द ओलांडली हे त्याला कळतही नाही. जुलैच्या एखाद्या दुपारी, रस्त्यावर पावसाचा पडदा उतरलेला असताना, या पडवीतून छत्री न उघडता चालावे. एका बाजूस दुकानांची दारे, दुसऱ्या बाजूस दगडी खांब, खांबाच्या तळाशी शेकडो खांद्यांच्या घर्षणाने गुळगुळीत झालेली कड, आणि खांबापलीकडे चाकांनी उडविलेले पाणी, जे आपल्यापर्यंत पोहोचत नाही. ऊन, पाऊस आणि वाहन या तिन्हींपासून एकाच रचनेने संरक्षण मिळावे आणि तेही खाजगी मालकाच्या खर्चाने, अशी योजना त्या काळच्या अधिकाऱ्यांना सुचली आणि तिचा अंमलही झाला. पुढे या पडव्यांत विक्रेत्यांचे ठेले आले, वायरींची जाळी लोंबली, आणि चालण्याची जागा आक्रसली, हे खरे आहे. तथापि मुंबईत चालणाऱ्याचा सन्मान दगडात कोठे कोरला गेला असेल तर तो येथे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

त्याआधीच रस्त्यावर ट्राम आली होती. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. भाडे प्रथम तीन आणे होते, लवकरच ते दोन आण्यांवर आले, आणि शतक संपता संपता एका आण्यात कोठूनही कोठेही जाता येऊ लागले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली, आणि कंपनीच्या पागेतले हजाराहून अधिक घोडे निवृत्त झाले. ट्रामविषयी जुन्या मुंबईकरांना जी माया वाटते, तिचे कारण केवळ स्वस्त भाडे हे नसावे. ट्राम आपल्या रुळांवरून चाले. ती अवजड होती, तिच्याखाली सापडलेल्याची गत बिकट होई. परंतु ती कोठून येणार आणि कोठे जाणार हे शाळकरी पोरालाही ठाऊक असे, चालकाच्या पायाखालची घंटा दोन नाक्यांवरून ऐकू येई, आणि रुळांपासून दोन हात दूर उभा राहिलेला मनुष्य पूर्ण निर्धास्त असे. धोक्याची जागा ठरलेली असणे, ही पादचाऱ्याच्या दृष्टीने केवढी मोठी सोय आहे, हे मोटार आल्यावरच ध्यानात आले.

मोटार येण्याआधी मात्र प्लेग आला. १८९६ साली मांडवीत त्याचा उद्भव झाला, आणि शहराची कोंदट, निबिड वस्ती हे त्याचे मूळ मानून १८९८ च्या अखेरीस सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून आरपार काढले. हे रस्ते काढण्यामागील हेतू आज ऐकला तर नवल वाटेल: पश्चिमेकडचा समुद्राचा वारा गल्ल्यांतून आत शिरावा आणि रोगट हवा निघून जावी, यासाठी ते होते. दादर-माटुंग्याकडे याच ट्रस्टने वसाहती आखल्या, तेथे रस्त्याच्या दुतर्फा झाडे आणि त्यांच्या सावलीत चालण्याजोगे फुटपाथ ठेवले. हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत सकाळी फिरायला निघणारे वृद्ध आजही त्या आखणीचा लाभ घेत आहेत. परंतु शहरात अन्यत्र जे घडले ते असे, की माणसांना श्वास मिळावा म्हणून घरे पाडून जी रुंदी मिळविली होती, ती अवघ्या एका पिढीत मोटारींनी व्यापली. वाऱ्यासाठी काढलेले रस्ते धुरासाठी वापरात आले. या एका घटनेत मुंबईच्या पुढील शंभर वर्षांचे बीज आहे. रस्ता कोणत्याही कारणासाठी रुंद करा, वाढलेली रुंदी वाहनाच्या खाती जमा होणार, हा जणू अलिखित दस्तूरच पडून गेला.

पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास मुंबईत दिसू लागल्या. १९१४ साली मोटारींसाठी अखिल भारतीय कायदा झाला; १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली; १९३९ साली नवा मोटार कायदा आला. निळा डगला आणि पिवळी पगडी घातलेला शिपाई चौकात उभा राहून हात दाखवू लागला, आणि शहराने प्रथमच पाहिले, की रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून हुकूम देणारी सरकारी असामी गाड्यांना वाट देण्यासाठी माणसांना थांबवीत आहे. त्यात शिपायाचा काही दोष नव्हता. ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबे. तिच्यातून उतरणाऱ्या उतारूला फुटपाथ गाठण्यासाठी धावत्या मोटारींच्या ओळीतून जावे लागे. तेव्हा कोणीतरी कोणाला तरी थांबविणे प्राप्तच होते. परंतु थांबायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्या चौकांत एकदा दिले गेले, आणि त्याचा पुनर्विचार पुढे झाला नाही. सावधगिरीचे जे ओझे १८६० च्या कलमाने हाकणाऱ्यावर टाकले होते, ते चालणाऱ्याच्या डोक्यावर आले. रस्ता ओलांडताना कसे वागावे याचे धडे मुले शाळेत गिरवू लागली. मुलाला पाहून गाडी कशी थांबवावी याचे धडे मोठ्यांना त्याच निष्ठेने कोणी दिल्याचे मात्र आढळत नाही.

स्वातंत्र्यानंतर या समजुतीने काँक्रीटचे रूप घेतले. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली आणि रूळ उखडण्यात आले. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, केम्प्स कॉर्नरला मुंबईतील पहिला उड्डाणपूल उभा राहिला. सामान्य माणसाचे वाहन रहदारीला अडथळा म्हणून काढून टाकावे आणि मोटारीला अडथळा नको म्हणून रस्ताच आकाशात उचलावा, हे दोन निर्णय एका वर्षाच्या अंतराने झाले. शतकाच्या अखेरीस तर उड्डाणपुलांचा सपाटाच लागला, आणि २००२ मध्ये मोहम्मद अली रोडवरून सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा पूल गेला. त्याच्या खाली चालणाऱ्यांना काय मिळाले, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तेथे एखाद्या गर्दीच्या संध्याकाळी भेंडीबाजारच्या बाजूने पलीकडे जाण्याचा प्रयत्न करावा.

फुटपाथाची कथा निराळी आणि अधिक अवघड आहे. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने रस्ते बांधणे व राखणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आणि रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकारही तिच्या आयुक्तांना दिला. परंतु ज्या शहराने लाखो माणसे कामाला बोलावली आणि त्यांना राहण्यास जागा दिली नाही, त्या शहरात फुटपाथ हेच घर झाले. फुटपाथवासीयांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी दिलेल्या निकालात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे म्हटले गेले, आणि त्याचबरोबर, फुटपाथ सर्वसामान्यांच्या चालण्याच्या सोयीसाठी आहेत, तेथे कायम ठाण मांडण्याचा हक्क कोणास नाही, असेही म्हटले गेले. या निकालातील एकच अर्धा भाग ज्याच्या त्याच्या सोयीने सांगितला जातो, याचे मला दुःख आहे. पादचाऱ्याला रस्त्यावर उतरविणाऱ्यांत भाजीची टोपली घेऊन बसलेली बाई सर्वांच्या डोळ्यांवर येते; फुटपाथवर चढविलेल्या मोटारी, दुकानांच्या पुढे काढलेल्या पायऱ्या, विजेच्या पेट्या, आणि महिनोन् महिने उघडे ठेवलेले खड्डे यांची तक्रार त्या मानाने अगदी क्षीण स्वरात होते. बाईची टोपली एका तासात उचलता येते, मोटारीच्या मालकाला हात लावण्यास धैर्य लागते, हे त्याचे कारण आहे.

२००८ साली वांद्रे स्थानकापासून कलानगरापर्यंत पहिला स्कायवॉक झाला आणि मागोमाग अनेक ठिकाणी तसेच उंच मार्ग उभारले गेले. हेतू चांगला होता, गर्दीच्या स्थानकांवर त्यांचा उपयोगही झाला. पण म्हातारा मनुष्य, गरोदर बाई, ओझे घेतलेला हमाल यांनी रस्ता ओलांडण्यासाठी दोन मजले चढावे आणि मोटारीने मात्र सपाटीवरून निर्वेध जावे, या व्यवस्थेचा अर्थ कोणी उघड बोलून दाखविला नाही. पुढच्याच वर्षी माहीमच्या उपसागरावरून वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. तो पाहताना अभिमान वाटतो, आणि तो वाटावा. मात्र त्यावर पथकर आहे आणि पायी चालणाऱ्याला त्यावर मज्जाव आहे. अवाबाईंची अट जेथे एकदा मान्य झाली होती, त्याच पाण्यावर एकशे चौसष्ट वर्षांनी तिच्या दोन्ही बाजू उलट्या झाल्या.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्थानके जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. पाऊस आला म्हणून माणसे आडोशाला पुलावर थांबली, मागून गाड्यांतून उतरणाऱ्यांचा लोंढा येत राहिला, आणि जिन्यावर पाय ठेवण्यास जागा उरली नाही. हा अपघात दैवाचा नव्हता. ज्या परळात एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर कामगार चालत येत, तेथे १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसाड पडल्या आणि त्यांच्या जागी मनोरे आले. हजारो कर्मचारी रोज त्या स्थानकांवर उतरू लागले. मनोऱ्यांना वाढीव बांधकामाची मंजुरी मिळाली, गाड्या ठेवण्यासाठी मजलेच्या मजले मिळाले, आणि पूल मात्र तेवढाच राहिला. पुढे लष्कराच्या जवानांनी काही महिन्यांत तेथे नवा पूल उभारून दिला. म्हणजे काम अशक्य होते असेही नाही. २०१९ च्या मार्च महिन्यात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि पुन्हा माणसे गेली. तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीनिशी वापरण्यास योग्य ठरविलेला होता.

देशाची आकडेवारी याहून वेगळे सांगत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सुमारे नव्वद. त्यांच्यापैकी कित्येक जण दूध आणायला, शाळेतून मुलाला घ्यायला किंवा पाळीवर निघालेले असतील.

१४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुइयां यांच्या खंडपीठाने, अडथळारहित फुटपाथवरून चालण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत आहे, असे सांगितले आणि राज्यांना त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सादर करण्यास फर्मावले. जी वहिवाट वीत-वीत करून गेली होती, तिला देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने प्रथमच इतक्या स्पष्ट शब्दांत घटनेचे अधिष्ठान दिले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांत फुटपाथची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट असावी, आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी, असे आधीपासूनच सांगितलेले आहे. तेव्हा कायद्याची उणीव आता राहिलेली नाही. उणीव आहे ती मागणाऱ्यांची. आपल्या घरापासून स्थानकापर्यंतचा किंवा मुलाच्या शाळेपर्यंतचा फुटपाथ वाचकांनी एकदा मोजपट्टी लावून मोजावा, सहा फूट भरत नसेल तेथे अडथळा कशाचा आहे ते लिहून काढावे, आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे व पालिकेच्या विभाग कार्यालयात तसा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. आजवर ही बाब कागदावर नव्हती. ती कागदावर आणण्याचे काम चालणाऱ्यांनाच करावे लागणार आहे.